हात लावू नकोस

सोलापूर, दवाखाना
२ मार्च १९८९

ती. चांगुणाआक्कास,
मच्छिंद्रचा जयभीम. तुझे गुडघे आणि भावजींचं सोसायटीचं राजकारण, दोन्ही कुरकुरत का होईना चालू असतील असं धरतो.

माझ्या गळ्याच्या गाठीला किरणं द्यायचं सध्या थांबवलंय. इथं त्याला शेक म्हणतात, जसं काही मी बाळंतीण. मानेवर जांभळ्या शाईनं चौकट आखलीय, मोजणीवाले शेत आखतात तशी. आतलं कातडं सोलून निघालंय. तोंड असं आलंय, की आपल्या दूध संघाच्या चेअरमनला हे झालं असतं तर सभा वेळेत संपल्या असत्या.

बाकीच्यांचं तोंड तिसऱ्या आठवड्यात येतं, माझं आठव्या दिवशीच आलं. डॉक्टरांना शंका आली. रक्त पुण्याला पाठवलं. त्याचं पुढं सांगतो.

तुझी भावजय गुलाब तुझ्याकडं सोनारीला येऊन बसलीय, कळलं. तिनं घरून लोणी आणलं होतं, मानेला लावायला. ज्वारी काढून तिच्या बोटांना चिरा पडलेल्या आणि माझ्या मानेतून रक्त पाझरत होतं. मी तिचा हात झटकला. साऱ्या वॉर्डादेखत म्हणालो, "हात लावू नकोस. घरी जा."

ती म्हणाली, "अठरा वर्षांनी आज माझा हात घाण झाला व्हय?" आणि गेली.

तिच्या हाताला काही नव्हतं, आक्का. आदल्याच दिवशी कळलं होतं, माझ्या रक्तात निघालं. पेपरात येतो तो एड्सचा रोग, त्याचे जंतू. सहा वर्षं संघाचा टँकर घेऊन मुंबई केली. वाटेत कुठं थांबलो ते बहिणीला लिहवत नाही.

काल डॉक्टरांना विचारलं, चिरांतून तिला गेलं असेल का? त्यांनी चष्मा काढला. म्हणाले, "चिरांचं सोडा. बायकोजवळ राहत होतात ना?"

मी बोटं बघत बसलो होतो, आक्का. सहा वर्षं दर आठवड्याला घरी येत होतो, ते ध्यानातच आलं नाही.

हे तिला वाचून दाखव. तिला वाचता येत नाही म्हणून तुला लिहिलं, असं सांगणार होतो, तेही खोटंच. तिला लिहायचं धाडस नव्हतं. वाचून झालं की तिला रक्त तपासायला घेऊन ये. माझं तोंड बघायचं नसेल तर नको बघू म्हणावं, मी भिंतीकडं वळून झोपेन. पण तपासणी करून घे म्हणावं, माझ्यासाठी नाही, स्वतःसाठी.

तुझा, आणि तिनं ठेवला तर तिचा,
मच्छिंद्र