दोनदा वजा केलेले पॅड

३ फेब्रुवारी २०२५

आकडा चुकलाय. माझाच! चौदा नाही, नऊ.

थीसिसमधली आकृती नीट करायला दोन वर्षांपूर्वीची फाइल उघडली. चिपवरची कॉइल ज्वारीच्या दाण्याहून लहान. ती मोजताना सुया टेकवायला शेजारी धातूचे पॅड असतात. त्यांचा परिणाम वजा करायचा — एकदाच! मशीनने तो वजा केलाच होता. माझ्या प्रोग्रॅमने पुन्हा केला. म्हणून क्यू, कॉइलच्या गुणवत्तेचा आकडा, चौदावर चढला. आणि मी लॅबभर पेढे वाटले होते.

४ फेब्रुवारी

तेव्हा लॅबमध्ये माझ्यासोबत असलेल्या अमोलची फाइल पाहिली. त्याने नीट वजा केलं होतं. त्याचा अकरा खरा.

कॉइलखाली चिरा पाडलेला धातूचा पडदा घालायची कल्पना त्याची. "चिरा पाडल्या का उलटा करंट तिथंच अडते," म्हणायचा. मी सगळ्यांसमोर हसले होते. प्रकल्पात जागा एकच. शेखर सरांनी, आमच्या गाइडनी, माझ्या चौदावर ती मला दिली. अमोल अमरावती सोडून अकोल्याला पॉलिटेक्निकात शिकवायला गेला. मीच घालवलं त्याला.

९ फेब्रुवारी

वलगावला घरी. आई शेजारणीला सांगत होती, "चोवीस तारखेले व्हायवा हाये. माही पोरगी डॉक्टर होऊन राहिली!" मी ताटावरून उठले.

११ फेब्रुवारी

अकोला. सांगायचंच म्हणून गेले.

अमोलने स्टूल पुसून दिलं, चहा मागवला. "कावून आली व, दीक्षा? तुया व्हायवा तं जवळ आला नं?" मग, "अन् तो पडदा? कोनी केला का मंग पुढं?"

"नाही," एवढंच बोलले. वर तो मला स्टँडपर्यंत सोडायला आला. भित्री! नुसती भित्री आहे मी!

१२ फेब्रुवारी, सकाळ

सरांना मेल केला. दोन्ही फाइली, खरे आकडे, अमोलचं नाव. व्हायवा थांबवा, असंही लिहिलं.

१२ फेब्रुवारी, दुपार

सरांचं उत्तर — "तुझ्या पहिल्या रिपोर्टातच मला हे दिसलं होतं. चौदाशिवाय प्रकल्प मंजूर झाला नसता. आता उकरू नको."

पहिल्या रिपोर्टात! तेव्हा अमोल अजून माझ्या शेजारच्या टेबलावर बसत होता.

उत्तरासकट सगळा मेल अमोलला पाठवला.