उशीवरचा पाय

महाड, मंगळवार

पियुषच्या बाबांना रंजिताचा नमस्कार.

ऑपरेशनला तीन आठवडे झाले. टाके काढले, घोट्यातली प्लेट जागेवर हाय. काळजी करू नका. फक्त सूज उतरत नाय, आणि पाय खाली सोडला की बोटांपर्यंत जांभळा पडतो. बोटं हलतात. मी सारखी हलवून बघते.

डॉक्टर म्हणाले, पाय उशीवर ठेवा, रंग हळूहळू जाईल. मी हो हो म्हणून आले. पण दादाच्या घरी मला बघायला येणाऱ्यांची रीघ लागलीय. मोठं माणूस दारात दिसलं की पाय आपोआप खाली येतो, दिवसातून दहादा. डॉक्टरांना हे बोलले नाय.

काल मामंजी मुक्कामाला आले, तेव्हाही मी घाईनं पाय खाली घेतला. त्यांनी वाकून दोन्ही हातांनी तो उचलला आणि उशीवर ठेवला. मी ओरडलेच, "अवो, पाय काय धरताय माझा?"

तर म्हणाले, "जन्मभर गुरांचे पाय धरले, सुनेचा धरला तर काय झालं गो?"

ते हे सांगायचे नायत. वाडीवर फोन लागत नाय, म्हणून त्यांच्याच हाती पत्र देते.

म्हैस व्याली का? पियुष जेवतो ना नीट? पडून पडून अंग आंबलं, जीव सगळा तिकडं गोठ्यात हाय.

आज दादाचे सासरे येऊन गेले. लाज वाटली, पण पाय उशीवरच ठेवला.

तुमची,
रंजिता