थंड पाण्यात मोठ्या नांग्या

१२ फेब्रुवारी

माझ्या भावाचं, डेल्बर्टचं, डोकं फिरलंय. दुसरं काही नाही!

तळ्याचं पाणी बर्फासारखं. असल्या पाण्यात बास मासा तळाशी सुस्त पडून असतो. अगदी नाकासमोर काहीतरी लहानसं, न हलणारं आलं तरच तोंड उघडतो. हे मला शिकवलं कुणी? डेल्बर्टनंच! बावीस वर्षं आम्ही दोघं एका बोटीत जोडीनं गळ टाकतोय. आणि आज या माणसानं जिगच्या, म्हणजे शिशाचं डोकं असलेल्या गळाच्या, आकड्यामागे काय अडकवावं — खेकड्यासारख्या नांग्यांचं ते भलंमोठं प्लास्टिकचं शेपूट! ते जूनमध्ये, पाणी कोमट झाल्यावर लावायचं. ओढलं की पाण्यात नुसतं फडफडतं.

"अरे, मासे पळतील."

"पळू देत. मला हेच हवंय."

मी चार पकडले. त्यानं एकही नाही.

१३ फेब्रुवारी

त्याचा फोन नाही. मीही केला नाही. बसू दे.

१८ फेब्रुवारी

आमिषांच्या दुकानात गाठ पडली. मी अर्धा तास पाकिटं चाचपत होते — प्लास्टिक किती मऊ आहे, माशाला चव लागावी म्हणून मीठ किती घातलंय. शेवटी दोन साध्या शेंड्यांचं, शेवाळी रंगाचं शेपूट घेतलं. तेही कात्रीनं अर्धा इंच छाटणार आहे.

डेल्बर्टनं बघितलंसुद्धा नाही. तीन पाकिटं उचलली. सगळ्यांत मोठ्या नांग्या!

"शनिवारच्या स्पर्धेत हे लावलंस तर याद राख," मी म्हटलं.

तो दुकानदाराकडे वळला. "हिला साधी गाठ मारता येत नव्हती, तेव्हापासून शिकवतोय मी. आता मला शहाणपण शिकवते, बघ!"

दोघं हसले. मला दोघांनाही आकड्याला टोचावंसं वाटलं.

२१ फेब्रुवारी

क्लबची स्पर्धा. पाव पौंडानं हरलो! पाव!

त्यानं नांग्याच लावल्या. तरीही तीनदा मासा आला — आला! दोरी आडवी सरकताना मला बोटीच्या दुसऱ्या टोकावरून दिसत होती. "ओढ! ओढ ना!" ओरडून घसा बसला. हा खांबासारखा उभा. मग सावकाश काठी उचलायचा — मासा केव्हाच सुटलेला. तिन्ही वेळा.

वजनकाट्यापाशी सगळा क्लब उभा होता. मी आवाज खाली नाही ठेवला. "म्हातारा झालास तू! घरी बस आणि टीव्ही बघ. माझं वर्ष कशाला नासवतोस?"

तो बोट धुवत राहिला. त्या धुण्याचाच जास्त राग आला.

२२ फेब्रुवारी

कॉय लेडबेटरचा फोन. क्लबची स्पर्धा दोनदा जिंकलेला माणूस! "सात मार्चच्या स्पर्धेला माझ्या बोटीत येतेस का, ओलीटा?" राज्याच्या फेरीत जायची ती शेवटची संधी.

लगेच हो म्हटलं. क्लबला कळवूनही टाकलं — डेल्बर्टच्या जोडीतून माझं नाव काढा.

बरं वाटलं. खरंच बरं वाटलं.

३ मार्च

डेल्बर्टची बायको आली. दारातच उभी. व्हर्ना कधी आवाज चढवत नाही, आजही नाही.

"ऑक्टोबरपासून त्याच्या बोटांना काही जाणवत नाही. साखरेनं नसा गेल्या. परत येणार नाहीत म्हणतात डॉक्टर. शर्टाची बटणं मी लावते."

तिनं स्वतःचं मनगट धरून दाखवलं.

"ते मोठं शेपूट फडफडतं ना, त्याचा धक्का काठीतून मनगटापर्यंत येतो म्हणे. लहान लावलं तर दोरीच्या टोकाला काही आहे की नाही, हेच त्याला कळत नाही."

"मग मला सांगायला काय झालं होतं त्या गाढवाला!"

"तुला? तुलाच तर कळू द्यायचं नव्हतं त्याला," एवढंच म्हणाली आणि गाडीकडे गेली.

तिच्यावर संतापले, त्याच्यावर संतापले. टेबलावरची शेपटांची पाकिटं भिंतीवर फेकली. मग बसून उचलली.

५ मार्च

कॉयला फोन केला — येत नाही, भावाबरोबरच जाणार. तो म्हणाला, "ओलीटा, मला डेल्बर्टनंच सांगितलं होतं. जानेवारीत. म्हणाला, माझ्या हातांचं काही खरं नाही, हिला तुझ्या बोटीत घे. ती आपणहून मला कधी सोडायची नाही."

एका फोनवर सोडलं मी त्याला.