ताई, तुझा निकाल लागला

प्रिय ताई,

आज तुझ्या अभ्यासाचा निकाल लागला. तू असतीस तर मला फोन केला असतास आणि मी नवा रायपुरच्या बसमधल्या गोंगाटात अर्धंच ऐकून "हो हो" म्हटलं असतं. आज निकाल ऐकायला मी स्वतः गेले, आणि ऐकून झाल्यावर सांगायला तू नाहीस. म्हणून लिहायला बसले.

मराठी लिहायची सवय मोडली आहे, शुद्धलेखनाला हसू नकोस. ऑफिसात दिवसभर हिंदी, बाजारात हिंदी, आईशी बोलतानाही निम्मी हिंदीच. पण तुझ्याशी भांडायचे ते मराठीत. आणि आज थोडं भांडायचंही आहे.

निकाल सांगते, पण आधी मागचं बोलू दे. तुझ्यासमोर कधी सलग बोलायला मिळालंच नाही. तू मध्येच म्हणायचीस, "मुद्द्यावर ये वैशू!"

रेल्वे क्वार्टरमध्ये माझे पाय दुखायला लागले की तू काय करायचीस, आठवतं? बाबा गार्ड, ते गाडीवर असायचे. आई बाटलीत गरम पाणी भरायची. तू माझे पाय मांडीवर घ्यायचीस आणि शाळेचं पुस्तक मोठ्यानं वाचायला लागायचीस, माझं रडणं शेजारी ऐकू जाऊ नये म्हणून. शेजारच्या काकूंना वाटायचं, पोट्टी शाळा बुडवायचे नखरे करून राहिली!

मग रक्त तपासलं आणि दुखण्याचं नाव कळलं, सिकलसेल. आई-बाबा दोघांच्याही रक्तात ते अर्धं अर्धं होतं, त्यांनाही ठाऊक नसलेलं. तुझ्या वाट्याला अर्धं आलं, म्हणून तू धडधाकट. माझ्या वाट्याला पूर्ण. दवाखान्यातून परत येताना तू म्हणालीस, "मिठाईतला मोठा तुकडा नेहमी मीच घेत होती ना? घे, याच्यात तुले भेटला." आई तुझ्यावर ओरडली. मला मात्र एवढं हसू आलं की बाबाही हसले. त्या दिवशी आपल्या घरात दुसरं कोणी हसवणारं नव्हतं ताई.

तू डॉक्टर झालीस ती माझ्यासाठी, असं आई सगळ्यांना सांगते. तू कधी तसं म्हणाली नाहीस. पण मेडिकल कॉलेजात गेल्यावर पहिल्याच वर्षी मला तिथे घेऊन गेलीस, माझ्या बोटातून थेंबभर रक्त काढलंस आणि सूक्ष्मदर्शकाला डोळा लावायला सांगितलंस. "ह्या पेशी पाह्य. गोल पाहिजेत ना? विळ्यासारख्या वाकल्या. बारीक नसांमध्ये अडकतात, मग तुले दुखते." एवढी वर्षं जे मला आतून कुरतडत होतं, ते मी पहिल्यांदा डोळ्यांनी पाहिलं. भीती कमी झाली. का, ते अजून सांगता येत नाही.

पुढे तू एम.डी. झालीस, त्याच कॉलेजात शिकवायला लागलीस. तुझे विद्यार्थी तुला टरकून असायचे! "मला वाटतं" हा शब्द तुझ्या वर्गात चालायचा नाही. "आप को क्या लगता है वो घर पे बताइए, यहाँ बताइए क्या दिखा." डॉक्टर ओम अजून तुझी नक्कल करतो. तोच ओम, तुझ्या हाताखाली एम.डी. केलेला, तुझ्यामागे फाइली घेऊन धावणारा.

आणि मग ती गोळी आली.

तेलीबांध्याच्या तलावाभोवती आपण संध्याकाळी चालायचो. तू मला धाप लागू नये म्हणून हळू चालायचीस आणि बोलायचीस मात्र भरभर. नेहमीच्या औषधासोबत ही नवी गोळी दिली तर दुखण्याचे झटके कमी होतील, असं तुला मनापासून वाटत होतं. हो, वाटत होतं! वर्गात बंदी असलेला शब्द तू तलावाकाठी किती वेळा वापरलास! म्हणूनच तर तो मोठा अभ्यास उभा केलास. अर्ध्या रुग्णांना ती गोळी, अर्ध्यांना हुबेहूब तशीच दिसणारी साधी गोळी. कोणाला कुठली मिळाली, ते रुग्णालाही ठाऊक नाही आणि तुलाही नाही.

मग मी का मागू नये ताई? माझं काय चुकलं?

रविवार होता. आईनं वांग्याची भाजी आणि भात केला होता. आपण तिघी जेवत होतो. बाबा जाऊन वर्ष होत आलं होतं.

"मले पण घे ना तुझ्या अभ्यासात," मी म्हटलं.

"नाही."

"काहून?"

"तू माझी बहीण आहेस म्हणून."

"मग तर माझा नंबर आधी लागला पाहिजे!"

तू घास खाली ठेवलास. "वैशू, तू आत असलीस ना, तर तुले दुखलं की मले जाणून घ्यावंसं वाटन तुले कोणती गोळी आहे ते. नाही दुखलं तर मी खुश होईन आणि बाकीच्यांचंही चांगलंच दिसाले लागन. माझ्या नजरेवर माझाच भरोसा नाही राहणार."

"मग बाहेरून दे. तुझ्या कपाटात आहेत ना?"

"अन् त्या गोळीनं तुले काही झालं तर? ती चांगली आहे का वाईट, मले माहीत नाही. माहीत असतं तर एवढा अभ्यास कशाले केला असता मी?"

तेव्हा आई बोलली. ती कधी तुला लागेल असं बोलत नसे, पण त्या दिवशी बोलली. "घरच्या पोरीले औषध नाही, अन् साऱ्या गावाले वाटून राहिली. एवढं शिकून हेच शिकली का व?"

तू ताट बाजूला सारलंस. उठलीस, हात धुतलेस, वॉर्डात काम आहे म्हणालीस. ताटातला भात तसाच राहिला. मला तुझा राग आला होता ताई, तो मी लपवत नाही. पण तू दारात चप्पल घालताना तुझा चेहरा पाहिला आणि वाटलं, थांबवावं. आईलाही वाटलं असणार. कोणीच थांबवलं नाही.

त्या हिवाळ्यात मला मोठा झटका आला. तुझ्याच वॉर्डात भरती झाले, पण माझा केसपेपर तू हातात घेतला नाहीस, दुसऱ्या डॉक्टरांकडे दिलास. तू फक्त स्टुलावर बसून माझी पाठ चोळायचीस. शेजारच्या खाटेवर दुलारी होती, महासमुंदकडची. ती तुझ्या अभ्यासात होती. तिनं विचारलं, "मोर गोली असली हे के नकली, मैडम?"

"मुझे भी नहीं मालूम, दुलारी."

"अऊ तोर बहिनी के?"

"उसको तो कोई भी नहीं मिली."

दुलारीनं माझ्याकडे अशा दयेनं पाहिलं, जशी मी सावत्र बहीण आहे! तुला हसू आलं, मलाही आलं, आणि हसताना बरगड्या दुखून मी पुन्हा रडले. त्या खाटेवर आपलं भांडण मिटलं असं मी धरून चालले. मिटलं होतं ना?

मग तू गेलीस.

सकाळी विद्यार्थ्यांना घेऊन राउंड घेत होतीस. डोकं दुखतंय म्हणालीस आणि भिंतीला धरून खाली बसलीस. मेंदूतली नस फुटली होती. ओम सांगतो, बसता बसताही त्याला म्हणालीस, "पेशंट को पहले देखो." मला हे ऐकायला आवडत नाही. स्वतःकडे बघायला सांगितलं असतंस तर काय बिघडलं असतं? काही दिवस आयसीयूच्या काचेबाहेर आई आणि मी उभ्या राहिलो, आणि मग उभं राहायचं कारणच उरलं नाही.

ताई, या घरात सगळे माझ्यासाठी तयार होते. मला ताप आला की आईच्या चेहऱ्यावर ती तयारी दिसायची. बाबा जाताना तुझा हात धरून म्हणाले होते, "छोटीले सांभाळजो." मी स्वतःही तयार होते गं! तुझ्यासाठी कोणीच तयार नव्हतं. माझ्या आधी तू कशी काय गेलीस? हा कुठला न्याय?

बुद्धविहारात तुझ्यासाठी पुण्यानुमोदन झालं, तेव्हा तुझे विद्यार्थी शेवटच्या भिंतीपर्यंत दाटून बसले होते. आई एकेकाच्या डोक्यावरून हात फिरवत होती, जणू त्यांचंच कोणी गेलं होतं.

अभ्यास बंद पडेल असं मला वाटलं. ओमला विचारलं तर म्हणाला, "दीदी, मैडम ने लोगों से वादा किया है. बीच में कैसे छोड़ दें?" दुलारी पुढच्या तपासणीला आली तेव्हा दारातच म्हणाली, "मैडम नइ आइस?" ओमनं सांगितलं. ती बाकावर बसून पदरात तोंड घालून रडली, मग उठली आणि रक्त द्यायला हात पुढे केला. बाकीचेही येत राहिले. कांकेरहून, धमतरीहून, रोजी बुडवून. हे तुला कळायला हवं होतं.

आता निकाल.

आज दुपारी विभागाच्या खोलीत सगळे जमले होते. ओमनं मला आणि आईलाही बोलावलं. कोणाला कुठली गोळी होती ते आज सकाळीच उघड झालं होतं. पडद्यावर दोन रेषा आल्या, एक तुझ्या गोळीची, एक साध्या गोळीची. दोन्ही रेषा एकमेकींना चिकटून गेल्या होत्या. मला आकडे कळत नाहीत, पण तेवढं कळलं.

ओमनं आमच्याकडे वळून सांगितलं. "फ़र्क नहीं आया, दीदी."

मग एक वयस्कर प्राध्यापक बोलले. त्यांच्या मनात वाईट काही नव्हतं, तुझ्यावर माया होती. ते म्हणाले, ज्यांनी एकही गोळी चुकवली नाही तेवढेच रुग्ण घेऊन पाहिलं तर थोडा फरक दिसतो, तोच पुढे करू. मैडम के नाम पर अच्छा पेपर हो जाएगा, परिवार को भी अच्छा लगेगा. असं म्हणून त्यांनी आमच्याकडे पाहिलं. सगळ्यांनीच पाहिलं.

ताई, एक क्षण मला ते हवं होतं. तुझ्या नावाखाली चांगलं काही छापलेलं पाहायला कोणाला आवडणार नाही?

मी उभी राहिले. गुडघे दुखत होते, तरी उभी राहिले. म्हटलं, "सर, मेरी बहन ने अपने घर में मुझे ये गोली नहीं दी, क्योंकि उसको पता नहीं था. अब पता चल गया है. जो निकला है, वही लिखिए."

ओम म्हणाला, "वही लिखा है, दीदी." त्यानं आधीच लिहून ठेवलं होतं! प्राध्यापकांनी चष्मा काढून पुसला आणि होकारानं मान हलवली. तुझं शिकवणं वाया गेलं नाही, एवढं मी आज डोळ्यांनी पाहिलं.

जिना उतरताना आईनं माझा दंड धरला. "वैशू, म्हणजे तुले गोळी भेटली असती, तरी तुह्यं दुखणं तसंच राहिलं असतं?"

"हो आई."

आई पायरीवरच बसली. येणारेजाणारे वळसा घालून जात होते. "मी तिले जेवता जेवता बोलली व. माह्या पोरीनं भात टाकून देल्ला." तुझ्या मातीच्या वेळीही ती अशी रडली नव्हती. मी शेजारी बसले. काय सांगणार होते? ताईनं मनावर घेतलं नसेल, म्हणू? मला माहीत नाही. आणि तुझ्या घरात माहीत नसलेलं बोलायची सोय नाही. म्हणून नुसती तिची पाठ चोळत राहिले.

तेवढ्यात खालून दुलारी वर आली. ती आज तपासणीला आली होती, ओमनं तिला नुकतंच फोनवर कळवलं होतं. तिला खरी गोळीच मिळाली होती, उपयोग झाला नव्हता. आईजवळ पायरीवर टेकून ती म्हणाली, "दाई, झन रो. नवा गोली आही त मोला फेर बलाहू." आईला छत्तीसगढी माझ्यापेक्षा जास्त कळते, पण रडू नको, नवी गोळी आली की मला पुन्हा बोलवा, एवढं मलाही कळलं. तिनं दुलारीचा हात हातात घेतला आणि बराच वेळ सोडला नाही.

ओम पुढच्या अभ्यासाची परवानगी मागतो आहे. औषध वेगळं आहे. अभ्यास त्याचा, आणि मी त्याची बहीण नाही. मला अडवणारं आता कोणी नाही, ताई. हे लिहिताना काय होतंय ते तुला कळत असेल.

मी नाव देणार आहे. तुला वचन देते, मला कुठली गोळी मिळाली ते शेवटपर्यंत विचारणार नाही. आईला घोर नको म्हणून दुखणं लपवणार नाही, आणि ओमला बरं वाटावं म्हणून बरं आहे असंही सांगणार नाही. जेवढं दुखेल तेवढंच सांगेन.

तुझी,
वैशू