दारातले ओले पोते

घोटावडे, ऑगस्ट १९५८. संध्याकाळ.

शेवटी स्टोव्ह पेटवला. डॉक्टरांनी बजावले होते, चुलीच्या धुराने सुमनचा दमा वाढेल. धूर टळला नाही तर तिला माहेरी पाठवावे लागेल. पण घरमालकीण पार्वतीकाकूंचे छप्पर गवताचे. त्या ओले पोते घेऊन दारातच बसल्या.

"मास्तर, मुंबईच्या कारखान्यातलं तेल हाय त्ये. छप्पर माझं जाईल. तुमी काय, जाल दुसऱ्या गावाला."

"पंप कमी मारतो, काकू."

"मारा. मी बसली हाय हितं."

ज्योत एकदा पिवळी होऊन वर उसळली. काकू पोते घेऊन उठल्या. मी चावी जरा सैल केली. मग ज्योत निळी झाली. पोत्याचे पाणी लुगड्यावर गळत होते, ते त्यांना कळले नसावे.

रॉकेल मिळत राहील का? कोण जाणे.

भात झाला. स्टोव्ह बंद केला आणि खोली एकदम शांत झाली. सुमन खोकत नव्हती. काकूंच्याही ते लक्षात आले असावे. त्या तिच्याकडे बघत राहिल्या.

जाताना पोते आमच्या उंबऱ्याशी ठेवले.

"उद्या पेटवायच्या आदी भिजवून ठेवा," म्हणाल्या.