स्वान पळून गेली नव्हती

मी, क्वाक बुन-रे, वय वर्षे एक्क्याऐंशी, राहणार दक्षिण कोरियाच्या गोहुङ जिल्ह्यातील खाडीकाठचे गाव, हा कागद स्वतःच्या हाताने आणि स्वतःच्या मर्जीने लिहीत आहे. पोटात गाठ आहे, डोक्यात नाही. कालच शेजारणीशी भांडून तिने उसने नेलेले खोरे परत आणले. शुद्धीवर असल्याचा याहून वेगळा दाखला मजजवळ नाही. अक्षरे मी बहात्तराव्या वर्षी गावच्या वर्गात शिकले, त्यामुळे ओळी वाकड्या आहेत. मजकूर सरळ आहे.

एक. टेकडीखालचे लसणाचे शेत माझी मुलगी ग्यू-सुक हिला द्यावे. ती म्हणेल, "आई, मग घर कुणाला?" त्याचे उत्तर तिसऱ्या कलमात आहे, आणि ते तिला आधीपासून ठाऊक आहे.

दोन. शिंपल्या गोळा करताना चिखलावरून सरकायची माझी फळी वर उल्लेखलेल्या शेजारणीस द्यावी. तिची मोडून दोन वर्षे झाली. मागायला लाजते, आणि खोरे मात्र न विचारता नेते.

तीन. राहते घर, अंगण व लोणच्याच्या रांजणांसह, दाङ थी स्वान, राहणार व्हिएतनाम, हिच्या नावे करावे. ही माझी सून होती. पासपोर्टावर तिचे नाव असेच आहे. सहा वर्षे मी तिला 'सु-जिन' म्हणत होते, कारण खरे नाव माझ्या जिभेवर बसत नव्हते आणि बसवण्याची मला गरजही वाटली नाही.

माझा मुलगा ग्यू-चोल एकेचाळिसाचा आणि ती बाविशीची असताना, २००७ साली, मध्यस्थामार्फत लग्न झाले. परदेशी बायकोला इथे राहण्याची मुदत वाढवून घ्यायची तर नवऱ्याने कचेरीत सोबत जावे लागे. ग्यू-चोल तिला म्हणे, "जास्त बोललीस तर येणार नाही हं कचेरीत." आम्ही दोघे हसायचो. तिचा पासपोर्ट मी तांदळाच्या पेटीत ठेवत असे. तो पीत असे आणि मारत असे, हे मी पाहिले आहे. भिंतीपलीकडून ऐकले असे लिहिणार होते, पण पाहिले आहे.

२०१३ च्या वसंतात त्याने तिचे मनगट मोडले. ती योसू शहरात, तिच्या गावाकडच्या मैत्रिणीकडे गेली. तिची पोर ये-रिन चार वर्षांची होती. तिला मी हातातून सोडले नाही. ग्यू-सुकचा फोन आला, "आई, आधी तूच कचेरीत कळवून टाक, बाई पळून गेली म्हणून. तिने आधी तोंड उघडलं तर पोरगी हातची जाईल." मी त्याच दिवशी जाऊन तसे लिहून दिले. तेव्हा मला लिहिता येत नव्हते; अंगठा दिला.

पाचव्या दिवशी ती परत आली. हाताला पट्टी, दुसऱ्या हातात माझ्यासाठी सुकी मासळी.

"आई, मी आले. चार दिवस नुसती झोपले."

"कुठे आलीस? तू पळून गेलीस, असं सरकारदरबारी लिहून झालंय."

"पळायचं असतं तर परत कशाला आले असते?"

मी फाटक लावून घेतले.

तिची मुदत संपायची वेळ आली तेव्हा ग्यू-चोल तिच्यासाठी कचेरीत जायला निघाला होता. चपला घालत होता. मी त्याला अडवले. घटस्फोटाच्या वेळीही ती पळून गेली असेच मी सांगितले, आणि चूक तिची ठरली. तिला देश सोडावा लागला, ये-रिन माझ्याकडे राहिली. ग्यू-चोल २०१९ साली यकृताच्या आजाराने गेला.

चार. गेल्या हिवाळ्यात, स्वानला परत आणता येईल का हे विचारायला, मी ये-रिनला घेऊन कचेरीत गेले. खिडकीतली मुलगी म्हणाली, "आजी, लग्न कोणाच्या चुकीनं मोडलं, यावर बरंच काही अवलंबून असतं. इथं बाईची चूक लिहिलीय."

"ते मीच लिहून दिलंय, पोरी."

"मग आता उलटं लिहून द्याल?"

दिले. तिने सांगितले, की अज्ञान मुलाला वाढवण्यासाठीही आईला राहता येते, पण मूल सज्ञान, म्हणजे एकोणीस वर्षांचे, होईपर्यंतच. ये-रिन आज सोळा वर्षांची आहे. म्हणजे तीन वर्षे. अर्ज केला आहे, उत्तर आलेले नाही. मी त्याआधी गेले तर माझी साक्ष इथे आहे: स्वान पळून गेली नव्हती. आम्ही तिला घालवले. राहायला घर आहे का, असा प्रश्न अर्जात असतो. आहे असे लिहावे आणि तिसरे कलम दाखवावे.

पाच. बँकेत आहे ते ये-रिनचे. तिचा ताबा तिच्या आईकडे जावा, अशी न्यायालयाला विनंती. आत्याकडे नको.

सहा. फोनवर मी स्वानला हे सगळे सांगितले. ती म्हणाली, "ये-रिनच्या दातांना तार लावायची होती, लावली का?" लावली, म्हटले. माफ केले असे ती म्हणाली नाही, आणि मी तसे म्हणवून घेतले नाही. माझी माती तीन दिवसांत उरकावी, तिच्यासाठी थांबू नये. नंतर आली तर तिने माझ्या थडग्यापुढे वाकावे, असा आग्रह कोणी धरू नये. अर्ज फेटाळला गेला तर पुन्हा करावा. तेव्हाही हा कागद जोडावा.

स्थळ: गोहुङ. दिनांक: ३ नोव्हेंबर २०२५.

क्वाक बुन-रे (सही व शिक्का)

साक्षीदार: १. ताक मी-ग्योङ, गावच्या साक्षरता वर्गाच्या शिक्षिका. २. बान सोक-जू, निवृत्त टपाल कर्मचारी.

वरील मजकूर बाईंनी आम्हा दोघांसमोर मोठ्याने वाचला. तिसऱ्या कलमात, चपलांच्या ओळीपाशी, त्या थांबल्या. पुढचे आम्ही वाचू का, असे विचारले. नको म्हणाल्या. चहा निवेपर्यंत आम्ही बसून राहिलो. मग त्यांनी ती ओळ पुन्हा पहिल्यापासून वाचली.