खिडकीतलं टेबल

प्रिय गुंडू,

रागात लिहिलेलं पत्र उशीखाली ठेवावं आणि सकाळी उठून फाडावं, असं शाळेत सिस्टर सांगायच्या. हे उशीखाली ठेवून झालं. फाडवलं नाही, म्हणून पाठवतेय.

आधी चांगलं सांगते. तुझं नवं दुकान देखणं झालंय. गडद हिरव्या भिंती, अक्रोडाचं लाकूड, पितळी दांड्यांवर भांडलेल्या जावांसारखे अंतर राखून टांगलेले कोट. ट्रायल रूम तर आपल्या स्वयंपाकघराहून मोठी. आत डोकावले तर तीन आरशांत तीन म्हाताऱ्या, आणि त्या पिवळ्या उजेडात तिघीही बऱ्या दिसत होत्या! बाबांना मात्र तो उजेड पटला नाही. एक कोट घेऊन ते दाराकडे निघाले, तर तुझ्या दरवानानं अडवलं. "अरे बाबा, चोरत नाहीये," ते म्हणाले, "निळा आहे की काळा, एवढंच बघतोय." जुन्या दुकानात कापडाचा रंग बाहेर पायरीवर, उन्हात बघायचा हा त्यांचा कायदा होता. गिऱ्हाईक कितीही मोठं असो, पायरीवर यायचंच.

तुला आठवणार नाही, पण त्या दुकानात तू टेबलाखाली, चिंध्यांच्या ढिगावर झोपायचास. कात्री चालू असली की गाढ झोप, थांबली की भोकाड. कापायचं काम संपलं तरी बाबा नुसतीच कात्री चालवत बसायचे. मी म्हणायची, "अहो, हवा कापताय का?" ते म्हणायचे, "हळू बोल, पोरगं उठेल."

तेच टेबल तू नव्या दुकानाच्या खिडकीत मांडलंस. "बाबा, तुमच्याशिवाय दुकानात जीव नाही, तुम्ही इथे बसायचं," असं म्हणालास, तेव्हा त्यांनी तोंड फिरवलं. मला वाटलं शिंक आली. दुसऱ्या दिवशी स्वतःचा शर्ट स्वतः इस्त्री केला, खडूची नवी पेटी आणली, आणि शाळेत निघालेल्या पोरासारखे निघाले. टेबलाला पॉलिश चढलंय, कात्रीचे जुने चरे बुजवलेत, हे त्यांनी पाहिलं.

टेबलावर करड्या रंगाचं ते परदेशी कापड सोडलेलं होतं. ती सजावट होती, हे त्यांना कुठून कळावं? उभ्या जन्मात त्यांच्या टेबलावर कापड शोभेला पडलेलं नव्हतं. शेजारी कात्री, वर कापड, म्हणजे काम. माप कुणाचं ते कुणी सांगेना, म्हणून त्यांनी तुझं घेतलं. मनातलंच. तुझ्यासाठी जाकीट कापायला घेतलं. तू आलास, पाहिलंस, आणि गिऱ्हाइकांसमोर हसून म्हणालास, "बाबा म्हणजे ना, ऐकतच नाहीत!" घरी येऊन त्यांनी मला सांगितलं, "रागावला नाही हं. हसला." मलाही बरं वाटलं होतं.

मग गुरुवारी काय झालं, ते तू पाहिलंस. कुणा गिऱ्हाइकाला फोटो हवा होता. "आजोबा, कापताना काढतो." बाबांनी कापड लावलं, कात्री चालवली, आणि कापड पात्यांत दुमडलं. पुन्हा लावलं, पुन्हा दुमडलं. लोक जमले होते. त्या गिऱ्हाइकानं फोन खाली घेतला म्हणे. दया आली असेल. बाबांनी पात्यावरून अंगठा फिरवला आणि तुला विचारलं, "धार लावलीय ना रे?" तू तिकडूनच म्हणालास, "कालच लावून आणलीय, बाबा." साठ वर्षं ज्या अंगठ्यानं धार ओळखली, त्याच्यापेक्षा त्यांनी तुझ्यावर विश्वास ठेवला. घरी येऊन एवढंच म्हणाले, "माझ्या हातातलं गेलं गं सगळं."

काल त्यांचा राहिलेला चष्मा न्यायला मी दुकानात गेले. तुझी ती इंटिरियरवाली मुलगी होती. गोड आहे, मला बसायला स्टूल दिलं. म्हणाली, "आजी, आता काळजी नाही. सरांनी कात्रीची धार घासून टाकायला लावली. आजोबांचा मूडही राहतो आणि कापडही." ती कौतुकानं सांगत होती, रे. तिला काय बोलणार? मी चष्मा घेतला आणि निघाले.

शेजाऱ्यांची पँट उसवली होती, ते घेऊन आले, तर बाबा म्हणाले, "आता दुसरीकडे बघा." चहाचा कप दोन्ही हातांनी धरतात. आज सकाळी शर्ट घालून माझ्यासमोर उभे राहिले आणि म्हणाले, "बटणं लाव गं." मी लावली. मग त्यांचा हात हातात घेऊन बराच वेळ पाहिला. थरथरसुद्धा नाही, गुंडू. खरं सांगायला मी तोंड उघडलं आणि मिटलं. सांगितलं तर त्यांना हात परत मिळेल आणि मुलगा जाईल. नाही सांगितलं तर उलट. दोन्हीतलं काय जाऊ द्यायचं, हे मी का ठरवू? केलंस तू, तूच सांग. म्हणून हे लिहिलं. रविवारी दुकान बंद असतं. ये, त्यांच्यासमोर बस, आणि तू काय केलंस ते तुझ्या तोंडानं सांग. मिठाई, फुलं काही आणू नकोस. ते चिडतील, ओरडतील, कदाचित तुझ्यावर हातही उगारतील.

उगारू दे.

तरीही तुझीच,
आई